उरलेली रक्कम देणाऱ्याकडेच राहील

९ जानेवारी

वन्सं,

परवा तुम्ही फोन केलात तेव्हा मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे चालत्या गाडीत चढण्यासारखं आहे. मी अजून पायरीवर असते आणि तुम्ही पुढच्या थांब्याला पोचलेल्या असता. म्हणून लिहिते. लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही.

ह्यांच्या फंडाचे पैसे आले. त्यातले पाच लाख मला तुमच्या संस्थेला द्यायचे आहेत. मला लागतील तेवढे बाजूला ठेवलेत. घर आपलं आहे, पेन्शन येते. एका बाईला असं किती लागतं?

का देते ते सांगते. शेवटचे आठ महिने तुमचं ऑक्सिजनचं मशीन आमच्या खोलीत होतं, ती डोक्याकडून उचलता येणारी खाट होती, आणि आठवड्यातून दोनदा तुमची सिस्टर यायची. तुमची संस्था आमच्या गावापर्यंत येत नाही, हे मला ठाऊक होतं. तुमचा भाऊ म्हणून आली. यायला दोन तास, जायला दोन तास. तेवढ्या वेळात तिची तिथली दोन-तीन घरं झाली असती. ती घरं मी पाहिलेली नाहीत, पण आता रिकाम्या खोलीत बसले की तीच दिसतात. तेव्हा दिसली नाहीत. तेव्हा मला फक्त ह्यांचा श्वास दिसत होता.

जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या आणि आता स्वतःला चार पायऱ्या चढवेनात, असं म्हणून ते हसायचे. हसले की खोकला. मग सिस्टर मला रागवायची, की त्यांना हसवू नका. मी कुठे हसवत होते?

पैसे कुठल्या खात्यात भरायचे ते कळवा. माझं नाव कुठे लावू नका.

तुमची वहिनी

१६ जानेवारी

वहिनी,

पैसे पाठवू नकोस.

दचकलीस ना? आता पाणी पी आणि पुढचं वाच.

तू पाच लाख दिलेस तर आम्हाला पाच लाख मिळतील. आनंद आहे. पण एक मोठा ट्रस्ट आहे, तो नवी सिस्टर, गाडी आणि तीन वर्षांचा खर्च देऊ शकतो. म्हणजे तुझ्या बाजूच्या गावांना कायमची सेवा. गेल्या वर्षी मी त्यांच्या साहेबांकडे गेले होते. त्यांनी एकच विचारलं. तुमच्या घरच्या माणसांखेरीज तुम्हाला कोण पैसे देतं? आमचे देणगीदार म्हणजे मी, संस्थेचे डॉक्टर, डॉक्टरांची बहीण आणि डॉक्टरांच्या बहिणीला नाही म्हणता येत नाही अशी चार माणसं. साहेब म्हणाले, बाहेरची माणसं तुमच्यावर विश्वास टाकतात हे दाखवा, मग आम्ही टाकतो.

आता तुझे पाच लाख तसेच आले तर ते म्हणतील, भावजयीनं नणंदेला दिले, घरातला मामला. म्हणून असं करायचं. आपण जाहीर करू, की मार्चअखेरपर्यंत लोक जितके देतील तितकेच एक देणगीदार आपल्याकडून घालेल, पाच लाखांपर्यंत. तुझ्या एकाचे दोन. माणसाचा स्वभाव बघ, नुसतं ‘द्या’ म्हटलं तर तो म्हणतो बघू, माझ्या शंभरानं काय आभाळ शिवणार? पण तुझ्या शंभराचे दोनशे होतील आणि तेही मार्चपर्यंतच, म्हटलं की हात खिशात जातो. मी तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय. मुदत लावल्याशिवाय कुणी औषधसुद्धा घेत नाही.

तुझे पाच, लोकांचे पाच, आणि ते दाखवून ट्रस्टचे त्याच्या कितीतरी पट. एका काठीनं तीन आंबे.

पत्रकावर तुझं नाव नाही. ‘एका लिफ्ट मेकॅनिकच्या स्मरणार्थ’ एवढंच. दादाला चाललं असतं.

तुझी भिंगरी

(दादा गेल्यापासून मला या नावानं कुणी हाक मारत नाही. तू मार ना अधूनमधून. ‘वन्सं’ म्हटलंस की मला म्हातारी झाल्यासारखं वाटतं.)

२३ जानेवारी

वन्सं,

तुम्हाला भिंगरी म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते ह्यांचं नाव होतं, त्यांच्यापाशीच राहू दे.

तुमचं म्हणणं मला पटलं. एका बाईनं दिलेले पाच लाख म्हणजे एका बाईचं दुःख, आणि दोनशे माणसांनी दिलेले म्हणजे दोनशे माणसांची गरज, हे मलाही कळतं. नवी सिस्टर आमच्या बाजूला आली तर मला जी घरं दिसतात ती जरा कमी दिसतील, हा माझा स्वार्थ.

पण एक शंका आहे. समजा लोकांनी पाच नाही दिले. तीनच दिले. मग माझे उरलेले दोन तुम्ही खरंच घेणार नाही? मी तर पाचही देणारच आहे. मनानं ते दिलेच आहेत. मग लोकांना ‘तुम्ही द्याल तितकेच’ असं कसं सांगायचं?

तुम्ही म्हणाल, वहिनीला कीस पाडायची सवयच आहे. मी तिशी उलटल्यावर वाचायला शिकले, तेही पुड्यांच्या कागदांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. मग वाचनालयातली पुस्तकं. छापलेलं खोटं असू शकतं हे मला फार उशिरा कळलं आणि अजून पुरतं पटलेलं नाही. म्हणून विचारते.

तुमची वहिनी

३० जानेवारी

वहिनी,

सोबत शंभर पत्रकं आहेत. तुझ्या बाजूला वाट. छापून झालीत, आता शंका काढायची नाही.

तुझा प्रश्न वाचला. अट लिहावीच लागते, नाहीतर त्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून खाली ते वाक्य आहे: ‘मुदतीत तितकी देणगी न जमल्यास उरलेली रक्कम देणाऱ्याकडेच राहील.’ सगळ्या संस्था लिहितात. उरणारच नाही तर कशाला डोकं शिणवतेस? लग्नाआधीच घटस्फोटाचा विचार करणारी तूच.

इथे कामाचा डोंगर आहे. सिस्टर एकटी सोळा घरं करते. जेवलीस का विचारलं की मला घड्याळ दाखवते.

भिंगरी

२१ फेब्रुवारी

वन्सं,

पत्रकं वाटली. आधी लाज वाटली, मग सवय झाली. दूधवाला, वाचनालयातल्या बाई, ह्यांच्या कामावरचे दोघेतिघे. हार्डवेअरच्या दुकानदारानं पत्रक दोन्ही बाजूंनी बघितलं, पाच हजार लिहिले आणि म्हणाला, दुप्पट होतायत तर सोडायचे कशाला? जणू काही सेलच लागलाय. सगळे तुमच्या खात्यावर भरतायत.

आमच्या समोर शिलाईवाली राहते. तुम्ही तिला पाहिलंय. ह्यांना कपडे चढवताना हात वर होईनात तेव्हा सदऱ्यांना बाजूनं बंद लावून दिले होते तिनं. चाळिशीची आहे, एक गुडघा अधू. पायानं मशीन चालवते आणि दोन वर्षं मोटर बसवायला पैसे साठवतेय. मी तिच्याकडे पत्रक द्यायला गेले नव्हते, उशीचा अभ्रा घेऊन गेले होते. पत्रक पिशवीत होतं ते तिनं बघितलं. तिला वाचायला वेळ लागतो, पण वाचते सगळं, तळापर्यंत. मग मला विचारलं, की मी नाही दिले आणि बाकी कुणीच नाही दिले, तर हे पैसे आजाऱ्यांना मिळणारच नाहीत? देणाऱ्याकडेच राहतील?

ती देणारी मीच, हे तिला ठाऊक आहे. लिफ्ट मेकॅनिक या रस्त्यावर दुसरा कोण होता?

मी ‘हो’ म्हणाले.

काय म्हणणार होते? तसंच छापलंय. ती थोडा वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. मग आतून डबा आणला आणि आठ हजार माझ्या हातात ठेवले. म्हणाली, उगाच राहून जायला नकोत. तिची सगळी मोटर होती त्यात. मी म्हटलं, अगं थोडे ठेव. तर म्हणते, काकू, एवढ्याचे सोळा होतात, मोटरीचे कुठे होतात?

पैसे उद्या भरते. मला झोप नीट लागत नाही, पण ते ह्यांच्या जाण्यापासूनच आहे.

तुमची वहिनी

१४ मार्च

वहिनी,

चालली गं आपली गाडी! मी म्हणत होते ना? इथल्या गिरणीच्या कामगारांनी एका दिवसाचा पगार दिला. शाळेतल्या शिक्षिकांनी मिळून दिले. ज्यांना मी जन्मात पाहिलं नाही अशी माणसं संस्थेचा जिना चढून येतात आणि विचारतात, मुदत संपली नाही ना? इतकी वर्षं आम्ही हात पसरत होतो तेव्हा हीच माणसं कुठे होती कोण जाणे. बहुतेक ‘उद्या’ म्हणत घरी बसली होती.

ट्रस्टचे साहेब स्वतः आले होते. यादी बघून म्हणाले, आता ही संस्था तुमच्या घरची राहिली नाही. मला रडू आलं, पण मी मेट्रन होते, मला रडणं गिळता येतं.

तुझ्या शिलाईवालीचं मी त्यांना सांगितलं. फार आवडलं त्यांना. अशी गोष्ट लोकांना सांगा म्हणाले.

झोपेची गोळी बिळी घेऊ नकोस. संध्याकाळी चालून ये.

भिंगरी

२ एप्रिल

वहिनी,

घाईत आहे. साडेतीन लाखांवर अडलं. शेवटच्या आठवड्यात कुणी फिरकलंच नाही. पण साडेतीन हे काय कमी नाहीत. आमच्या सात जन्मांत जमले नव्हते.

तू आता पाचही पाठवून दे. ट्रस्टला मी तसंच कळवते, लोकांचे साडेतीन, स्मरणार्थ पाच. एवढ्यातेवढ्याला कोण विचारतंय? आणि कुणी विचारलं तर सांगू, देणाऱ्याचं मन मोठं.

भिंगरी

७ एप्रिल

वन्सं,

सोबत साडेतीन लाखांचा चेक आहे.

दीड लाख मला पाठवता येत नाहीत. शिलाईवालीनं मला तोंडावर विचारलं होतं आणि मी तोंडावर ‘हो’ म्हणाले होते. ते आता खरं करायचं तर एवढा एकच मार्ग मला दिसतो. तेव्हा ते खोटं होतं. निदान आता तरी खरं होऊ दे.

रागवाल ते ठाऊक आहे. रागवा.

तुमची वहिनी

११ एप्रिल

वहिनी,

रागावलेय म्हणणं कमीच आहे.

तुला एक सांगितलं नव्हतं. नवी सिस्टर मार्चच्या मध्यापासून कामावर आहे. ट्रस्टचे पैसे यायला त्यांच्या समितीतल्या चार सह्या लागतात, म्हणून तोवरचा तिचा पगार मी तुझ्या पाचांत धरला होता. बाकीचे सगळे नव्या खाटांत आणि मशीनांत गुंतलेत, तुझे दीड लाख म्हणजे तिचे पुढचे महिने. तुझ्याच बाजूला तिनं सात घरं धरली आहेत. त्यातल्या एका घरात नवरा श्वासासाठी उठून बसतो आणि बायको त्याच्या पाठीला पाठ लावून रात्र काढते, टेकू म्हणून. तुला सांगायला नको कशी काढते ते.

आता मी त्या मुलीला काय सांगू? की आमच्या वहिनीला छापलेलं वाक्य खरं करायचं आहे? तू तुझा शब्द पाळलास आणि किंमत कोण देतंय बघ. शब्द काय, तो धुवून वाळत घालता येतो. माणूस गेला की गेला.

दादा असता तर त्यानं तुला हे करू दिलं नसतं.

मी या महिन्याचा पगार माझ्या पेन्शनमधून देतेय. पुढच्या महिन्याचं तू ठरव.

३ मे

वन्सं,

उत्तर द्यायला उशीर झाला. रोज लिहायला बसत होते आणि ‘दादा असता तर’ या शब्दांपाशी अडत होते. ते असते तर काय म्हणाले असते, हे मला खरंच माहीत नाही. पाठीला पाठ लावून मीही बसत होते. तेव्हा ते एवढंच म्हणायचे, तू दमलीस. ह्याच्यापलीकडे त्यांनी मला कधी काही शिकवलं नाही, आणि काही करण्यापासून अडवलंही नाही.

मी काय केलं ते सांगते.

तुम्ही म्हणाल ती पळवाट मलाही सुचली होती. मुदत संपली, अट पाळली, आता दीड लाख नवीन देणगी म्हणून द्यायचे. कुणाला बोट दाखवायला जागा नाही. रविवारी चेक लिहिलाही. मग खिडकीतून समोर बघितलं. तिचं मशीन चालू होतं. गुडघा दुखला की ती हातानं मांडी दाबते आणि पाय चालूच ठेवते. आधीही दिसायचं हे मला, पण आधी मी नुसती बघत होते.

चेक ठेवला आणि तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं. की पाच लाख मी देणारच होते, कुणी काही दिलं नसतं तरी. की तू विचारलंस तेव्हा मला ते ठाऊक होतं आणि तरी मी ‘हो’ म्हणाले.

ती काज करत होती. ते पुरं केलं, दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, “काकू, तुम्ही मला सांगायला आलात की हलकं व्हायला आलात?”

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. आवाज न चढवता म्हणाली, “तुमच्याकडच्या त्या सिस्टरला मी आठ महिने येताजाता बघत होते. खरं सांगितलं असतंत तरी मी दिले असते. पण निम्मे दिले असते.”

म्हणजे चार हजार. खोट्याची किंमत मला इतकी नेमकी कुणी सांगितली नव्हती. मी म्हटलं, ते चार माझ्याकडून घे. तर म्हणाली, दिलेलं परत घ्यायची आमच्यात रीत नाही. मग मी म्हटलं, निदान मोटर मी बसवून देते. त्यावर ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. म्हणाली, म्हणजे मोटर चालू केली की दर वेळी तुम्ही आठवणार. नको, त्यापेक्षा गुडघा बरा.

चहा विचारला नाही. कधी नव्हे ते.

वन्सं, मी चुकले ते दोनदा. आधी खोटं बोलून, आणि मग ते खोटं खरं करायचं म्हणून सात घरांच्या तोंडचं काढून घेऊन. मला वाटलं होतं, पैसे घरात ठेवले की मी खरी होईन. पण नुसतं माझं मन राखायला दुसऱ्याचा श्वास लागत असेल तर ते कसलं खरेपण? आणि पैसे गुपचूप दिले तर तिच्यासारखे आणखी किती जण आहेत, ज्यांनी निम्मेच दिले असते?

म्हणून दोन गोष्टी पाठवते. एक, दीड लाखांचा चेक. तो आजच भरा, त्या मुलीचा पगार द्या. त्याला अट नाही. दुसरी, एक पत्र. ज्यांनी ज्यांनी त्या पत्रकावरून पैसे दिले त्या सगळ्यांना ते पाठवा, ट्रस्टच्या साहेबांनाही. त्यात लिहिलंय की ही बाई सगळे पैसे देणारच होती, ते तुम्हाला सांगितलं नाही, आणि आता तिनं ते दिलेही आहेत. ज्यांना फसल्यासारखं वाटेल त्यांनी आपले पैसे मागावेत. ते मी माझ्याकडचे देईन, संस्थेचे नाही.

ट्रस्ट हातचा जाईल हे मला कळतं. ह्यांच्या स्मरणार्थ छापलेल्या कागदावर ह्यांच्याच बायकोनं शाई ओतली असंही लोक म्हणतील. पण तुम्ही पत्र पाठवलं नाहीत तर मी वाचनालयाच्या फळ्यावर लावीन. ही धमकी नाही. मला दुसरं काही सुचत नाही.

तुमची वहिनी

२० जून

वहिनी,

तुझा चेक त्याच दिवशी भरला. तुझं पत्र तीन आठवडे कपाटात ठेवलं. खोटं कशाला सांगू, आता खोट्याला दरच उरला नाही.

मला वाटलं होतं, तू थंड होशील. मग ट्रस्टच्या साहेबांचा फोन आला. सहज विचारतो म्हणाले, उरलेली रक्कम देणाऱ्याकडेच राहिली ना, तेवढं फाइलला लागतं. मी तोंड उघडलं ते ‘हो’ म्हणायला. तू शिलाईवालीला म्हणालीस तेवढाच शब्द. आणि तो मला म्हणवेना. तीस वर्षं मी मरणाऱ्या माणसांना ‘बरे व्हाल’ म्हणत आले, आणि इथे एक ‘हो’ जमेना. सगळं सांगून टाकलं आणि त्यांना म्हटलं, आता सगळ्यांना पत्र जातंय.

साहेब म्हणाले, मला व्यक्तिशः आदर वाटतो, पण यंदा समितीपुढे हे नेता येणार नाही. पुढच्या वर्षी या. व्यक्तिशः आदरावर सिस्टरचा पगार निघत नाही, हे मी बोलले नाही.

मग पत्रं पाठवली. काय झालं ते ऐक. हार्डवेअरवाल्यानं पाच हजार परत मागितले. आणखी चौघांनी. आकडे खाली लिहिलेत, तू पाठवून दे. गिरणीतले दोघे भांडायला आले, भांडले, आणि पैसे न मागता गेले. बहुतेकांनी काहीच कळवलं नाही. ते गप्प बसले ते मोठ्या मनानं की आम्ही आता खिजगणतीत नाही म्हणून, हे कळायला मार्ग नाही.

एका शिक्षिकेचं कार्ड आलं. चांगल्या मनानं लिहिलंय. ‘एवढं मनाला लावून घेऊ नका. असं सगळ्याच संस्था करतात हे आम्हाला ठाऊकच होतं.’

वहिनी, पैसे परत मागणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही. या कार्डानं मात्र मी दोन दिवस जेवले नाही. त्यांनी आपल्याला खोटं धरूनच पैसे दिले होते. आणि मी ते यादीत विश्वास म्हणून दाखवत होते.

तुला ‘दादा असता तर’ लिहिलं ते मी मागे घेते. भाऊ माझा होता म्हणून तो काय म्हणाला असता ते सांगायचा मक्ता माझा नाही.

नवी सिस्टर डिसेंबरपर्यंत पुरेल. तुझ्या बाजूची सात घरं चालू आहेत. त्या बायकोला आता रात्रीची थोडी पाठ टेकता येते, त्यांच्याकडे खाट पोचली. पण डिसेंबरनंतर काय? पत्रक काढावंच लागणार. मी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आता मला एकही वाक्य सरळ लिहिता येत नाही, लिहिलं की मीच त्याच्याकडे संशयानं बघते. तू लिही.

भिंगरी

११ जुलै

वन्सं,

पाचही जणांचे पैसे पोचते केले. हार्डवेअरवाला घ्यायला ओशाळला, पण घेतले. मला त्याचं बरं वाटलं. त्याच्याशी तरी माझा व्यवहार मिटला.

कार्डावर मीही पुष्कळ विचार केला. मला त्यात समाधान काही सापडलं नाही. त्या बाईंना पुढच्या वेळी आपलं खरं वाटावं, एवढंच आता हातात आहे. आणि ते एका पत्रकानं होणार नाही.

पत्रक लिहिलंय. ते असं:

‘या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही म्हणालो, तुम्ही द्याल तितकेच एक बाई देईल. ती बाई तसंही देणार होती. हे आम्ही लपवलं. आता तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही, तेव्हा तुम्ही दिलेलं दुप्पट होणार नाही, आणि मुदतही नाही. दोन सिस्टर आहेत, तेवीस घरं आहेत. नव्या सिस्टरचा पगार डिसेंबरपर्यंत आहे. त्यानंतरचा नाही.’

पाठवायच्या आधी ते समोर घेऊन गेले. ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते. मी काम काही नेलं नव्हतं, म्हणून दारातच उभी राहिले आणि वाचून दाखवलं. तिनं मशीन थांबवलं नाही, पण सावकाश केलं. वाचून झाल्यावर म्हणाली, “यावर कोण पैसे देणार?”

मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं.

तिनं मान हलवली. बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. मग ती पुढच्या कापडाला लागली आणि मी घरी आले.

तरी छापा.

तुमची वहिनी